वाफेच्या पाण्याला वाट द्या



ह्या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, तोडणी आणि उतारा ह्यांबद्दल लिहितो. आज मात्र स्वयंपाकघरातल्या एका नळीबद्दल लिहिणार आहोत. "कारखान्याच्या वार्तापत्रात किचनच्या नळीचं काय काम?" असे कोणी विचारील. तर ती नळी आहे वाफेच्या पाण्याची, आणि वाफेच्या पाण्याशी आमची ओळख जुनी. बॉयलर हाऊसमध्ये तीस हंगाम काढले ते त्याच्याच मागे धावत. शिवाय ते स्वयंपाकघर आपल्याच एका सभासदाच्या मुलाचे, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंच्या मुलाचे आहे. आणि त्या चार-पाच मीटर नळीपायी वरच्या आणि खालच्या मजल्यावरचे बोलणे चार महिने बंद होते. विषय घरगुती दिसतो खरा, पण नीट पाहिले तर तो सहकाराचाच आहे.

आपल्या कार्यक्षेत्रातली कितीतरी मुले आज मिरा-भाईंदरला राहतात. कोणी पहाटेची लोकल पकडून चर्चगेटला जातो, कोणाचे तिथेच दुकान आहे. एके काळी हा सारा मिठागरांचा, भातशेतीचा आणि कोळीवाड्यांचा मुलूख. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र. १९८५ साली इथे नगरपरिषद आली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या शिरगणतीत वस्ती आठ लाखांवर गेली. एवढ्या माणसांना पाणी येते ते लांबून, शहाड-टेमघरच्या योजनेतून आणि एमआयडीसीकडून, म्हणजे उल्हास नदीच्या खोऱ्यातून. वाढती वस्ती पाहून पालघर जिल्ह्यातल्या सूर्या धरणाच्या योजनेत ह्या शहराच्या वाट्याला रोजचे २१८ दशलक्ष लिटर पाणी धरले गेले. खारे पाणी तिन्ही बाजूंना आणि गोड्या पाण्यासाठी डोळे रस्त्याकडे! उन्हाळ्यात सोसायटीच्या दारात टँकर उभा राहिला की त्या दिवशी दुसरी चर्चा नाही. अशा गावात चांगले, स्वच्छ पाणी भिंतीत मुरावे आणि खालच्याच्या स्वयंपाकात गळावे, ह्याला काय म्हणायचे?

झाले ते असे. पुतण्याने मे महिन्यात किचनचे काम काढले. जुना कडाप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाईटचा बसवला, छतापर्यंत टाईल्स लावल्या, ओट्याखाली ट्रॉल्या केल्या. त्याच कामात एसीच्या पाण्याची नळीही आत घेतली. आधी ती खिडकीबाहेर लोंबत होती आणि रात्रभर खालच्या घराच्या पत्र्यावर टपटप वाजत होती. खालच्या मावशींनी एकदा-दोनदा सांगितले होते, तेव्हा पोराने मनावर घेतले, हे चांगलेच केले. नळी किचनच्या भिंतीतून न्यावी आणि सिंकखालच्या ट्रॅपला सोडावी असे ठरले. हेतू चांगला, पण ठेकेदाराला पुढच्या कामाची घाई. त्याने भिंतीत खाच पाडली, नळी सरळ आडवी घातली, मध्ये तुळई आली तिथे ती थोडी वर उचलून पुन्हा खाली आणली, सांध्याला सोल्युशन न लावता नळीत नळी नुसती दाबली, आणि वर सिमेंट-टाईल करून मोकळा झाला. पुतण्याने विचारले तर म्हणाला, "साहेब, पाणीच तर आहे, जाईल कुठनं पण."

पाणी कुठूनही जाते, हे त्याचे म्हणणे अगदी खरे ठरले.

जुलैत मावशींच्या किचनच्या छताला डाग धरला, तोही नेमका शेगडीच्या वर. मावशींची साठी उलटलेली. यजमान गेल्यापासून घरगुती डबे करून देतात, त्यावर त्यांचे घर चालते. आधी त्यांनी डागाखाली पातेले ठेवले. मग शेगडी सरकवली. मग एके दिवशी पहाटे, कणीक मळून ठेवलेली, आणि वरून गिलाव्याचा ढलपा सुटून परातीत पडला. त्या दिवशीचे डबे उशिरा गेले आणि दोन गिऱ्हाइके तुटली. मावशी जिना चढून वर आल्या आणि दारातच काय बोलायचे ते बोलल्या. सूनबाईंनीही मग ऐकून घेतले नाही. तिथून बोलणे बंद. पूर्वी संक्रांतीला तिळगूळ, नागपंचमीला पुरणाची दिंडं वर-खाली जायची. त्या वर्षी नागपंचमीला जिन्यावरून काही गेले नाही.

पुतण्याने उपाय केले नाहीत असे नाही. प्लंबर म्हणाला, बाथरूम गळतंय. बाथरूमची फरशी फोडली, वॉटरप्रूफिंग केले, पैसे गेले, गळती तशीच. दुसरा म्हणाला, बाहेरच्या भिंतीतून पाऊस मुरतोय. सोसायटीच्या सभेत ह्यावर तासभर वादावादी झाली आणि 'पावसाळा संपू द्या' असा ठराव होऊन सभा उठली. पावसाळा संपला. गळती नाही संपली.

दिवाळीच्या आधी आमचे तिकडे जाणे झाले. घरात हीच कथा. आम्ही खाली गेलो आणि मावशींना म्हटले, "ताई, भांडण ठेवा बाजूला, मला फक्त एवढं सांगा, पाणी कधी गळतं?" त्या म्हणाल्या, "रात्री. अकरा-बाराला लागतं, सकाळी नऊ-दहापर्यंत थांबतं." पातेल्यातले पाणी पाहिले. चुन्याची किंचित गढूळता सोडली तर साबणाचा बुडबुडा नाही, वास नाही, तेलकटपणा नाही. आता बघा, बाथरूम वापरतात सकाळी. सिंकचे पाणी असते तर खरकटे असते. पाऊस तर केव्हाच गेलेला. रात्रभर चालते आणि सकाळी बंद होते असे त्या घरात एकच यंत्र होते. वर येऊन पुतण्याला सांगितले, "दोन रात्री एसी लावू नकोस." ऑक्टोबरचा उकाडा, पण पोराने ऐकले. दोन रात्री पातेले कोरडे. तिसऱ्या रात्री एसी लावला, बाराच्या सुमारास थेंब आला. चार टाईल्स फोडल्यावर सांधा सापडला: निसटलेला, आणि तुळईपाशी जिथे नळी उचललेली होती तिथे आत बुळबुळीत साका धरून अर्धी नळी बंद.

ह्यात आमची काही मोठी हुशारी नाही. 'हे पाणी कुठले?' हा प्रश्न बॉयलर हाऊसमध्ये माणूस पहिल्या पाळीपासून शिकतो. वाफ थंड झाली की तिचे पाणी होते. त्याला आम्ही कंडेन्सेट म्हणतो. ते बॉयलरला परत द्यायचे, पण त्यात साखरेचा अंश आला तर बॉयलरच्या पाण्याला फेस येतो, ते आंबते आणि नळ्या खराब होतात. म्हणून केमिस्टचा माणूस सारखा नमुना घेऊन अल्फा नॅफ्थॉलची परीक्षा करतो. जांभळी कडी दिसली की ते पाणी तिकडे वळवायचे नाही. पाणी सगळे सारखेच दिसते. ते कुठून आले हे विचारल्याशिवाय कुठे पाठवायचे हे ठरत नाही.

सभासदांपैकी पुष्कळांनी कारखाना आतून पाहिला आहे, पण हे पाणी क्वचित कोणी पाहिले असेल. १०० किलो उसात साधारण ७० किलो पाणी असते. समजा दिवसाला २५०० टन गाळप असेल तर उसाबरोबर साडेसतरा लाख लिटर पाणी रोज गव्हाणीत पडते! थोडे बगॅसबरोबर जाते, कारण बगॅस निम्मा ओलाच असतो. बाकीचे बहुतेक रसातून वाफ होऊन निघते. आपण ऊस आणतो साखरेसाठी, पण वजनात पाहाल तर कारखाना साखरेपेक्षा कितीतरी पट पाणीच काढतो.

ह्या वाफेला फुकट जाऊ न देण्याची युक्ती ज्याने बसवली त्याचे नाव नॉर्बर्ट रिलिये. अमेरिकेत लुइझियानात तेव्हा मळ्यांवर गुलाम माणसे उघड्या कढयांतून उकळता रस एकीतून दुसरीत ओतीत आणि भाजून निघत. रिलिये हा आईकडून कृष्णवर्णीय, पण स्वतंत्र माणूस, पॅरिसमध्ये शिकलेला. त्याने १८४३ साली पेटंट घेतले ते अशा रचनेचे की एका भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्यातला रस तापवील. आज आपल्याकडे इव्हॅपोरेटरच्या बॉडीज ओळीने उभ्या असतात त्या ह्याच तत्त्वावर. पहिल्या बॉडीचे वाफेचे पाणी बॉयलरला परत. पुढच्या बॉडीजचे गरम पाणी मिलवर उसाच्या चोथ्यावर शिंपडायला, चुन्याचे दूध करायला, धुण्या-पुसण्याला. प्रत्येक पाण्याला ठरलेली नळी, ठरलेली टाकी.

आम्ही नवे होतो तेव्हाची गोष्ट सांगतो, आणि ती आमच्याच चुकीची आहे. पंपाची ग्लँड गळत होती. पाळी संपत आली होती. आम्ही व्हॉल्व्ह फिरवून गरम पाणी गटाराला सोडले आणि बिडी काढली. एका जुन्या फिटरने पाहिले. ओरडले नाहीत. हात धरून गटाराशी नेले आणि म्हणाले, "पोरा, हे पाणी न्हवं, बगॅस वाहून चाललाय." अर्थ पुढे कळला. बॉयलरला द्यायचे पाणी ६ अंशांनी अधिक गरम असले तर साधारण एक टक्का इंधन वाचते. ३० अंशांचे विहिरीचे पाणी आणि ९० अंशांचे परतीचे पाणी ह्यांत दहा टक्के इंधनाचा फरक पडतो. गटाराला लागलेले ते पाणी म्हणजे सभासदांच्या पैशाची धार होती.

आता एसीत वाफ कुठून आली, असे विचाराल. ती हवेतच असते. मिरा-भाईंदरची हवा खाडीची, दमट. ती थंड जाळीवरून गेली की तिच्यातली वाफ जाळीवर पाणी होऊन बसते, थंडगार तांब्याला बाहेरून घाम येतो तशीच. दीड टनाचा एसी दमट दिवसांत तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतो. किंबहुना हे यंत्र जन्मले तेच त्यासाठी. १९०२ साली विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी ते आखले ते माणसांना गारवा देण्यासाठी नव्हे. दमट हवेने कागद फुगत होता आणि रंग जागेवर बसत नव्हते, म्हणून हवेतली ओल काढण्यासाठी. तेव्हा एसी घेणाऱ्याने नीट समजून घ्यावे की आपण घरात पाणी काढणारे यंत्र आणले आहे. गारव्याची सोय केली, पाण्याची केली नाही, हे अर्धेच काम झाले.

ही डोकेदुखी नुसती आपल्याकडेच आहे असे समजू नका. आमची एक भाची इंग्लंडात असते. तिच्या किचनमध्ये भिंतीवर चक्क गॅसचा बॉयलर आहे, घर उबदार ठेवायला आणि नळाला गरम पाणी द्यायला. गॅस जळताना पाण्याची वाफ होते: एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी. पूर्वीचे बॉयलर ही वाफ धुराड्यातून बाहेर सोडीत. पण एक किलो वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता सुटते, ती का घालवावी? म्हणून वाफ आतच थंड करून तिची ऊब काढून घेणारे बॉयलर निघाले, आणि इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवा गॅस बॉयलर सहसा ह्याच जातीचा बसवावा असा नियम झाला. इंधन वाचले. पण मागे राहिले ते पाणी, त्याची नळी न्यायची कुठून?

भाचीने किचनचे काम काढले तेव्हा तिथल्या कारागिराने कपाटे लावण्याआधी पहिल्यांदा ही नळी मांडली. होता होईल तो घरातूनच न्यायची आणि सिंकच्या निचऱ्याला जोडायची. बाहेरून न्यावीच लागली तर जाड घ्यायची, कमीत कमी लांबीची, वर आवरण घालायचे. उतार मीटरमागे साडेचार-पाच सेंटिमीटर. पाणी आम्लधर्मी असते, तांब्याला खाते, म्हणून नळी प्लास्टिकची. हे नियम तिथे सोसून शिकलेले आहेत. डिसेंबर २०१० च्या कडाक्याच्या थंडीत घरोघरच्या बाहेरून नेलेल्या बारीक नळ्यांत पाणी गोठले, नळी तुंबली की बॉयलर आपोआप बंद, आणि ऐन थंडीत लोक नळीवर कोमट पाणी ओतीत उभे. तिथे बर्फाने तुंबते, आपल्याकडे बुळबुळीने. कारण एकच: पाण्याला उतार दिला नाही आणि नळीचा विचार शेवटी केला.

तेव्हा आमचे पहिले म्हणणे असे की, किचनचे काम काढाल तेव्हा ओटा कोणत्या रंगाचा आणि ट्रॉल्या किती, ह्याच्या आधी वाफेच्या पाण्याची नळी ठरवा. भिंत उघडी असते ते चार दिवस. नंतर पुढची पंधरा-वीस वर्षे त्या भिंतीत काय चालले आहे ते दिसत नाही. आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

नळी एक इंचाची तरी असावी, आणि उतार मीटरमागे किमान एक सेंटिमीटर, जमल्यास दोन. गवंड्याला लेव्हल ट्यूब लावायला सांगा, डोळ्याने अंदाज नको. मध्ये कुठेही नळी वर चढता कामा नये; चढली की तिथे पाणी साचते, साचले की साका धरतो. तुळई आडवी आली तर तुळईला खाच पाडायची नाही. नळीचा मार्ग बदला. खारी हवा आधीच सळयांना गंजवते, त्यात आपण ओलीला वाट करून द्यायला नको.

सांधे थोडे ठेवा, प्रत्येकाला सोल्युशन लावा, वळण काटकोनी टाळा, आणि कुठेतरी साफ करायला झाकण ठेवा. भिंतीतल्या नळीला आवरण घाला. आतले पाणी गार असल्याने नळीला बाहेरूनही घाम येतो आणि गळती नसतानाही भिंत ओली होते.

नळीचे तोंड नहाणी ट्रॅपच्या जाळीवर बोट-दोन बोटे वर मोकळे सोडा. संडासाच्या लाईनीला कधीही जोडू नका. जोडलेत तर पाणी जाईल तिकडे, पण वास येईल इकडे.

आणि सर्वांत मुख्य, टाईल लावण्याआधी वरून बादलीभर पाणी हळूहळू ओता आणि चोवीस तास थांबा. कारखान्यात हंगामाआधी बॉयलरची पाण्याच्या दाबावर परीक्षा होते, इन्स्पेक्टर बघून सही करतो, मगच आग पडते. घरच्या नळीला इन्स्पेक्टर नाही, तेव्हा तो आपण व्हायचे. मोबाईलवर उघड्या भिंतीचा फोटो काढून ठेवा. उद्या कोणी कॅलेंडरसाठी खिळा ठोकायला आला तर उपयोगी पडेल.

हे झाले नळीचे. पण आम्हांला जे सांगायचे आहे ते नळीपाशी संपत नाही. पुतण्या म्हणाला, "काका, माझ्या घरात तर एक थेंब नव्हता, मला कसं कळणार?" खरे आहे, आणि तिथेच सगळी मेख आहे. गळती ज्याची, ओल त्याच्या घरात नसते. एसीचा गारवा वरच्याला, ढलपा खालच्याच्या परातीत. पाणी आपल्या नजरेआड गेले की आपली जबाबदारी संपली असे माणसाला वाटते. सहकार आहे तो नेमका ह्या वाटण्याच्या विरुद्ध.

पुष्कळांच्या ध्यानात नसते, पण भाईंदरच्या त्या इमारतीची गृहनिर्माण संस्था आणि आपला साखर कारखाना एकाच कायद्याच्या पोटचे आहेत. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम दोघांनाही लागू. प्रवरेच्या काठी लोणीला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नांतून शेतकऱ्यांनी पहिला सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा आपल्या बापजाद्यांनी शेअर घेतला तो नुसत्या उसाच्या भावासाठी नव्हे. एकट्याने होत नाही ते मिळून करायचे, आणि मिळून केले की एकमेकांना बांधील राहायचे. तीच मुले आज शहरात सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट कपाटात ठेवतात आणि सभेला मात्र जात नाहीत. सदनिकेत बदल करण्याआधी समितीची लेखी परवानगी घ्यावी असे उपविधीत असते. पुतण्याने ती घेतली नव्हती आणि समितीनेही विचारले नव्हते. परवानगी म्हणजे अडवणूक असे समजून दोघांनी ती टाळली. समितीने एवढेच विचारले असते की 'नळी कुठून नेतोस, उतार किती, खालच्यांना सांगितलंस का?', तर चार महिन्यांचे भांडण चार मिनिटांत मिटले असते.

म्हणून आमची सूचना अशी की, सोसायट्यांनी एसीच्या पाण्यासाठी इमारतीला बाहेरून एक सामाईक उभी लाईन घ्यावी, मजल्या-मजल्याला तोटी ठेवावी, आणि खाली टाकीत ते पाणी धरावे. हिशेब करा: ४० घरे, घरटी एक एसी, रात्रीचे आठ तास, तासाला लिटरभर, तर एका रात्रीचे ३२० लिटर. ह्याने टँकर थांबणार नाही, उगीच फुशारकी नको. पिण्याला, स्वयंपाकाला हे पाणी वापरायचे नाही, जाळीवरची धूळ त्यात उतरते. पण जिना धुवायला, झाडांना, गाड्या पुसायला ते पुरेल, आणि तेवढे उल्हासचे पाणी वाचेल. त्याहून मोठा फायदा हा की कोणाचे पाणी कोणाच्या डोक्यावर पडणार नाही.

शहरातल्या पोरांना एवढे शिकवून आपण मोकळे झालो असेही नाही. तोच प्रश्न आपण आपल्या कारखान्यालाही विचारला पाहिजे. साखर कारखान्यांच्या सांडपाण्याने ओढे काळे झाल्याच्या, खालच्या विहिरी बिघडल्याच्या तक्रारी महाराष्ट्राने पुष्कळ ऐकल्या आहेत. तिथेही हेच असते: गाळप वरच्या अंगाला, वास खालच्या गावाला. तेव्हा येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत भाव आणि कर्जाबरोबर एक प्रश्न जरूर टाका: वाफेचे पाणी किती परत बॉयलरला जाते, किती वापरात येते, आणि उरलेले कुठे सोडतो? उत्तर देणाऱ्याला अवघड वाटू नये. हे आकडे बॉयलर हाऊसच्या वहीत असतातच, फक्त कोणी विचारीत नाही.

पुतण्याच्या घरचे सांगायचे राहिले. नवी नळी उताराने घातली, बादली ओतून पाहिली, आणि ते पाहायला मावशींना वर बोलावले. मावशींच्या छताचा गिलावा आणि रंग पुतण्याने आपल्या खर्चाने करून दिला. तुटलेली दोन गिऱ्हाइके मात्र परत आली नाहीत. ती भरपाई कोणत्या उपविधीत बसते ते आम्हांला ठाऊक नाही. सध्या पुतण्या ऑफिसला जाताना मावशींकडूनच डबा घेतो आणि आणखी दोघा सहकाऱ्यांना त्याने लावून दिला आहे.

ज्यांची मुले-मुली शहरात आहेत आणि येत्या उन्हाळ्यात किचनचे काम काढणार आहेत, त्यांनी हे पान त्यांना वाचून दाखवावे. आणि काम सुरू होण्याआधी एकदा खालच्या मजल्यावर जाऊन यायला सांगावे.